शेजारचा टीव्ही, वरचा खलबत्ता, रस्त्यावरचा डॉल्बी: घरातल्या ध्वनिरोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट आल्या, तशा आवाजाच्या तक्रारीही बदलल्या. आता शेजारच्या फ्लॅटमधली मालिका आपल्या बेडरूममध्ये ऐकू येते आणि वरच्या घरात लसूण कुटला की खालच्या घरातलं तान्हं बाळ जागं होतं. ताराबाई पार्कपासून फुलेवाडीपर्यंत घरमालक, सोसायटीचे सेक्रेटरी आणि नवे आर्किटेक्ट जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. आवाज कुठल्या वाटेने येतोय हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका, हा आग्रह जवळजवळ प्रत्येक उत्तरात दिसेल.

भिंतीला फोम लावला तर शेजारचा आवाज थांबेल का?

नाही. फोम, अंड्याचे ट्रे, जाड पडदे, गालिचा यांनी तुमच्याच खोलीतला घुमारा कमी होतो. शेजारून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, हवाबंदपणा लागतो आणि दोन थर एकमेकांपासून सुटे असावे लागतात. फोमला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे आवाज त्यातून आरपार जातो. शिवाय साधा पॅकिंगचा फोम पटकन पेट घेतो आणि जळताना विषारी धूर सोडतो. राहत्या घराच्या भिंतीला तो लावूच नये.

डेसिबलचा आकडा वाचायचा कसा?

हे मोजमाप लॉगरिदमचं आहे, म्हणून साधी बेरीज-वजाबाकी इथे फसवते. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली तर आकडा फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. १० डेसिबल वाढले की ऊर्जा १० पट होते, पण कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ४० डेसिबल अडवणारी भिंत आवाजाच्या ऊर्जेचा १०,००० वा भाग पलीकडे सोडते, ५० डेसिबलची भिंत १,००,००० वा. कोणी "३ डेसिबलचा फायदा होईल" म्हणून महागडं काम सुचवत असेल तर दोनदा विचार करा.

नऊ इंची वीट, चार इंची वीट की एएसी ब्लॉक?

एकजिनसी भिंतीचा नियम सरळ आहे: चौरस मीटरला वजन दुप्पट झालं की रोधन ५ ते ६ डेसिबलने वाढतं. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची वीट चौरस मीटरला ४८० किलोच्या आसपास भरते आणि साधारण ५० डेसिबल देते. चार इंची भिंत, म्हणजे ११५ मिमी वीट आणि गिलावा, २६० किलोच्या आसपास भरते. तिच्याकडून ४२ ते ४६ डेसिबल मिळतात. सहा इंची एएसी ब्लॉकची (हवेच्या बारीक छिद्रांच्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत जाडीला बरी दिसते, पण गिलाव्यासकट तिचं वजन १४० किलोच्या घरात असतं. तिथे ४० ते ४४ च्या पुढे अपेक्षा ठेवू नये.

एएसी ब्लॉक वाईट आहे असा याचा अर्थ नाही. इमारतीवरचा भार त्याने कमी होतो, काम लवकर उरकतं, उष्णताही कमी येते. पण दोन वेगवेगळ्या कुटुंबांच्या मधली भिंत फक्त सहा इंची एएसीची ठेवणं मला पटत नाही. तिथे नऊ इंची वीट घ्या, नाहीतर मध्ये पोकळी ठेवून दोन सुट्या भिंती करा. एकाच घरातल्या दोन खोल्यांमध्ये एएसी खुशाल वापरा.

आमची भिंत नऊ इंचीच आहे, तरी शब्दन्‌शब्द ऐकू येतो. असं कसं?

कारण आवाज त्या भिंतीतून येतच नसेल. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक हिशोब बघा. १० चौरस मीटरची भिंत आहे. त्यात ८ चौरस मीटर ५० डेसिबलची वीट आणि २ चौरस मीटर २५ डेसिबलची खिडकी. सगळं मिळून रोधन निघतं ३२ डेसिबल. विटेच्या जागी दोन फुटी दगडी भिंत घातली तरी आकडा ३२ च राहील, कारण जवळजवळ सगळा आवाज खिडकीतून जातोय. फटीचं तर याहून वाईट. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी असेल, तर बाकीची भिंत कशाचीही असो, एकूण रोधन २० डेसिबलच्या वर जात नाही.

फ्लॅटमध्ये या फटी ठरावीक ठिकाणी सापडतात. पहिली जागा भिंतीचा माथा. गवंडी शेवटचा थर बीमला भिडवताना घाई करतो, तिथे अर्धा-पाऊण इंच फट राहते, वरून पीओपीचं सीलिंग येतं आणि ती कायमची झाकली जाते. झाकली म्हणजे बुजली असं होत नाही. दुसरी जागा स्विचबोर्ड. चार इंची भिंतीत दोन्ही घरांचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवले तर मध्ये जेमतेम पत्रा आणि थोडं सिमेंट उरतं. तिसरी जागा मुख्य दरवाजा: दोन्ही घरांचे दरवाजे एकाच पॅसेजमध्ये उघडतात, दाराखाली बोटभर फट असते आणि आवाज पॅसेजमधून वळसा घालून आत येतो.

फटी शोधायला यंत्र लागत नाही. रात्री एका बाजूला प्रखर टॉर्च लावा आणि दुसऱ्या बाजूला दिवे बंद करून बघा. दाराच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे एकदम ओढला जातो, तिथे हवा जाते, आणि हवा जाते तिथून आवाजही जातो. बोर्डाला कान लावून ऐका, मग त्याच भिंतीला दोन फूट बाजूला कान लावा. फरक लगेच कळतो.

फटी बुजवूनही भागलं नाही, तर राहते आडवाट. शेजारचा आवाज स्लॅबला, बाजूच्या भिंतीला हलवतो आणि ते हलणं सलग बांधकामातून तुमच्या खोलीत उतरतं. प्रयोगशाळेत ५० देणारी भिंत प्रत्यक्ष इमारतीत बऱ्याचदा ४५ च्या आसपास येते, त्यामागे मुख्यतः हीच आडवाट असते.

आहे त्या भिंतीवर काय करता येईल?

फटी बुजवल्यावर. त्याआधी नाही.

मग भिंतीला न टेकणारी सुटी फ्रेम उभी करा, मागे इंचभर मोकळी जागा ठेवा, फ्रेममध्ये ५० मिमी रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरा (घनमीटरला ४८ किलो घनतेचं पुरतं) आणि वर १२.५ मिमी जिप्सम बोर्डचे दोन थर सांधे चुकवून लावा. कडा सिलिकॉनने नाही, न वाळणाऱ्या अकूस्टिक सीलंटने भरा. खोलीतली चारेक इंच जागा जाते. आडवाट फार मोठी नसेल तर १० डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक पडतो, म्हणजे शेजारचं बोलणं निम्म्यावर आल्यासारखं वाटतं. सुताराने फ्रेमचा एक जरी स्क्रू जुन्या भिंतीत मारला तर फायदा घटतो. त्या दिवशी स्वतः उभं राहून काम करून घ्या.

वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली की आमच्या डोक्यावर ओढल्यासारखं वाटतं. आम्ही सीलिंग करून घेऊ का?

हा आघाताचा आवाज. हवेतून येणारा आणि आघाताचा, हे दोन आजार वेगळे आणि औषधंही वेगळी. पायाचा दणका, खलबत्ता, पाटा-वरवंटा, भांडं पडणं, मुलांच्या गोट्या यांत स्लॅबवर थेट मार बसतो आणि अख्खी इमारत त्या माराने वाजते. म्हणून वजन वाढवून इथे फारसं साधत नाही. स्लॅबवर मार बसण्याआधीच तो मऊ करावा लागतो, म्हणजे उपाय वरच्या घरात. खालून सीलिंग केलं तर थोडा आराम पडतो, पण दणका भिंतींतूनही उतरत असतो आणि भिंती सीलिंगखाली उघड्याच राहतात.

आपल्याकडची पद्धत म्हणजे पाच-सहा इंची स्लॅब, त्यावर मसाला, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल. अशा जमिनीचा आघात-आकडा, म्हणजे ठरावीक ठोक्यांनी खालच्या खोलीत किती डेसिबल आवाज होतो तो आकडा, ७५ ते ८० पर्यंत जातो. इथे आकडा जितका कमी तितकं चांगलं, हे ध्यानात ठेवा, भिंतीच्या उलट. इंग्लंडमध्ये नव्या घरांना ६२ च्या वर जायला परवानगी नाही.

नवीन काम असेल तर तरंगती जमीन करा. स्लॅबवर ५ ते १० मिमी लवचीक थर (रबर किंवा क्रॉसलिंक पॉलिथिलीन), त्यावर ५० मिमी कोबा, त्यावर फरशी. यातून १५ ते २० डेसिबल सहज कमी होतात. सगळं यश कडेवर अवलंबून आहे: तोच मऊ थर भिंतीलगत वर वळवायचा, फरशी भिंतीला टेकू द्यायची नाही आणि स्कर्टिंग फरशीपासून दोन-तीन मिमी वर ठेवायचं. मसाल्याचा एक गोळा कडेतून खाली उतरून स्लॅबला चिकटला, की त्या पुलावरून दणका खाली जातो.

राहतं घर असेल तर वरच्यांशी गोडीने बोला. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट, खेळायच्या जागी जाड चटई, खलबत्त्याखाली रबराचा जाड तुकडा. खर्च किरकोळ आणि फरक मोठा. सोसायटीच्या बैठकीत तक्रारीचा अर्ज देण्याआधी हे करून बघितलेलं बरं.

मोजणी नेमकी कशी करतात?

आयएसओ १६२८३ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. पहिला भाग हवेतल्या आवाजाचा, दुसरा आघाताचा, तिसरा दर्शनी भिंतीचा. एका खोलीत स्पीकर लावून सगळ्या वारंवारितांचा मिश्र आवाज सोडतात (वारंवारिता म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात; खर्ज आवाजाची कमी, तीव्र आवाजाची जास्त). ऐकायला तो बरकीच्या धबधब्याजवळ उभं राहिल्यासारखा लागतो. स्पीकर निदान दोन जागी ठेवतात, प्रत्येक जागेसाठी दोन्ही खोल्यांत किमान पाच ठिकाणी माइक. माइक भिंतीपासून अर्धा मीटर तरी दूर हवा आणि स्पीकरपासून एक मीटर.

मग दोन्ही खोल्यांच्या पातळ्यांतला फरक काढतात. एवढ्यावर मात्र थांबता येत नाही. ऐकणारी खोली रिकामी असेल तर ती घुमते आणि आवाज मोठा दिसतो; तीच खोली गाद्या-पडद्यांनी भरली की लहान दिसतो. भिंत तर तीच असते. म्हणून खोलीचा निनादकाळ, म्हणजे आवाज बंद केल्यावर तो विरायला लागणारा वेळ, मोजून सगळं अर्ध्या सेकंदाच्या प्रमाण खोलीवर आणतात. समजा, पलीकडे ९५, अलीकडे ५५ आणि निनादकाळ १ सेकंद. फरक ४०, निनादाची दुरुस्ती ३, म्हणून उत्तर ४३. अशी आकडेमोड १०० ते ३१५० हर्ट्झमधल्या १६ पट्ट्यांसाठी होते आणि आयएसओ ७१७ मधल्या संदर्भ-वक्राशी ताडून शेवटी एकच आकडा निघतो. कागदोपत्री त्याला डी-एन-टी-डब्ल्यू म्हणतात. प्रयोगशाळेतला आकडा आर-डब्ल्यू असतो आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तोच छापलेला असतो. दोघांची गल्लत करू नका.

आघातासाठी वरच्या मजल्यावर टॅपिंग मशीन ठेवतात. त्यात ५०० ग्रॅमचे पाच पोलादी हातोडे ४० मिमीवरून सेकंदाला एकूण १० वेळा पडतात. किमान चार जागी मशीन ठेवायचं आणि खाली आवाज मोजायचा.

अहवाल हातात आला की शेवटच्या आकड्याआधी पट्ट्यांचा आलेख बघा. माझ्या मते खरा उपयोग त्याचाच. खालच्या पट्ट्यांत खड्डा असेल तर वजनाची किंवा पोकळीची अडचण. वरच्या पट्ट्यांत आलेख चढायचा सोडून सपाट झाला असेल तर बहुधा फट. मध्येच एका ठिकाणी घसरला असेल तर पातळ काच किंवा बोर्ड स्वतःच्या वारंवारितेला थरथरतोय. ६ मिमी काचेचा असा खड्डा २००० हर्ट्झच्या आसपास येतो.

मोबाइलवरच्या ॲपने चालत नाही का?

तुलनेला चालतं. खिडकी उघडी आणि बंद, फट बुजवण्याआधी आणि नंतर, एकाच फोनने एकाच जागी मोजा, अंदाज येतो. तक्रारीला किंवा वादात पुरावा म्हणून मात्र कॅलिब्रेट केलेलं क्लास १ किंवा क्लास २ मीटरच लागतं. फोनचे माइक बोलण्यासाठी बनवलेले असतात, खालचा दणदणाट ते नीट पकडत नाहीत.

किती आकडा आला तर समाधान मानावं?

दोन घरांच्या मधल्या भिंतीचा प्रत्यक्ष जागेवरचा आकडा ३५ असेल तर शेजाऱ्यांचं बोलणं समजतं. ४५ ला मोठ्याने बोललेलं अस्पष्ट येतं. ५० च्या पुढे आरडाओरडाच तेवढा जाणवतो. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या भाग ८, विभाग ४ मध्ये ध्वनिरोधनाच्या शिफारशी आहेत, आणि त्याच्याही आधीपासून आयएस १९५० हे १९६२ चं भारतीय मानक आहे. म्हणजे नियम माहीत नव्हते असं कुणाला म्हणता येणार नाही. पण भोगवटा प्रमाणपत्र देताना घरांमधल्या भिंतींची चाचणी कोणी मागत नाही. ती मागायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

गणपतीत डॉल्बीने खिडक्या थरथरतात. काचा बदलून उपयोग होईल?

थोडा. डॉल्बीचा मार ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो आणि भिंतीचं रोधन वारंवारिता निम्मी झाली की साधारण ६ डेसिबलने घटतं. ५०० हर्ट्झला ५० देणारी भिंत ६३ हर्ट्झला ३० च्या आसपास येते. साधी सरकती खिडकी तर तिथे नावालाच उरते. मिरवणुकीच्या वाटेवरच्या घरात घट्ट बसणारी खिडकी, जाड लॅमिनेटेड काच आणि गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, यांनी काचांचा खडखडाट थांबतो, गाण्याचे शब्द मंदावतात. छातीत बसणारा ठोका मात्र घरात कशानेही पूर्ण थांबत नाही. तो उगमापाशीच कमी करावा लागतो.

त्यासाठी कायदा आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबलने किंवा जास्त वाढला तर कुणीही नागरिक तक्रार करू शकतो. घरात म्हातारं माणूस किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर ती करायला संकोच करू नका.

रस्त्याकडच्या खिडकीला "डबल ग्लास" सुचवलंय. घ्यावी का?

मधल्या अंतरावर सगळं आहे. दोन काचा आणि मधली हवा मिळून वजन-स्प्रिंग-वजन अशी जोडी होते आणि एका वारंवारितेला ती साथ देत आवाज उलट आत घेते. ४ मिमीच्या दोन काचा आणि १२ मिमी अंतर असेल तर ही वारंवारिता २४५ हर्ट्झच्या आसपास पडते, म्हणजे नेमकी बस-ट्रकच्या घरघरीच्या टापूत. तेच अंतर १०० मिमी केलं की ती ८५ पर्यंत खाली उतरते. म्हणून तयार डबल ग्लासपेक्षा जुन्या खिडकीच्या आत नऊ इंची भिंतीच्या जाडीतच दुसरी खिडकी बसवणं रस्त्याच्या आवाजाला जास्त उपयोगी ठरतं. सरकती घेऊ नका, कडेला गॅस्केट दाबून बंद होणारी बिजागरीची घ्या. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या ठेवा. आणि खिडकी बंद राहणार म्हणजे हवेची दुसरी सोय लागणार; ती आधीच ठरवा, नाहीतर उन्हाळ्यात ती खिडकी उघडीच राहील.

पत्र्याच्या शेडवर पाऊस पडला की बोलणंही ऐकू येत नाही.

थेंबाचा मार हाही आघातच. पत्र्याच्या खाली चिकटणारा जाड डॅम्पिंग थर लावा, त्याखाली रॉकवूल आणि मग पत्र्याला न टेकणारं सीलिंग. नुसतं थर्माकोल लावून जुलैतल्या पावसाला काहीही होत नाही.

खालच्या गाळ्यात चटणी कांडप आहे. अख्खी इमारत हादरते.

उद्यमनगरातल्या प्रेसशेजारच्या घरांचंही हेच दुखणं. यंत्राखाली रबराच्या पट्ट्या ठेवून बघितलेल्या असतात आणि फरक पडलेला नसतो. कारण समजून घ्या. आधार यंत्राच्या वजनाने किती दबतो त्यावर त्याची स्वतःची वारंवारिता ठरते: १ मिमी दबला तर सुमारे १६ हर्ट्झ, १ सेंटिमीटर दबला तर ५ हर्ट्झ. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे २४ हर्ट्झची. १६ हर्ट्झच्या रबरावर ठेवल्यास मोटरच्या हादऱ्याचा जवळजवळ ८० टक्के भाग खाली जातो. ५ हर्ट्झच्या स्प्रिंगवर ५ टक्क्यांच्या आत. कांडपाच्या मुसळांचा ठोका याहूनही सावकाश पडतो, तिथे नुसती स्प्रिंग डोलेल. म्हणून यंत्र जड काँक्रीटच्या ठोकळ्यावर घट्ट बसवायचं, तो ठोकळा स्प्रिंगवर ठेवायचा, आणि ते सगळं इमारतीच्या कॉलमपासून सुटं करून जमिनीवर घ्यायचं. गाळेवाल्याचं पोट त्यावर असतं. सोसायटीने खर्चात हातभार लावला तर काम लवकर मार्गी लागतं.

शिवाजी पेठेतला जुना वाडा आहे. भिंती दोन फुटी, तरी माडीवरचं सगळं खाली ऐकू येतं.

भिंती उत्तम आहेत, त्यांना हात लावू नका. दुबळी आहे ती लाकडी तक्तपोशी. तुळयांची ताकद अभियंत्याकडून तपासून घ्या, मग फळ्यांवर मऊ थर आणि जड बोर्ड टाका, तुळयांच्या मधल्या पोकळीत रॉकवूल भरा.

केशवराव भोसले नाट्यगृहाचं अकूस्टिक्स आणि फ्लॅटचं ध्वनिरोधन एकच का?

विज्ञान एकच, उद्दिष्ट वेगळं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये खुल्या केलेल्या त्या नाट्यगृहात नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचणं महत्त्वाचं होतं. तिथे निनादकाळ, छताचा आकार, आसनं, प्रेक्षक यांचा हिशोब येतो. निनादकाळाचं सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने १९०० च्या सुमारास मांडलं आणि तेच आजही मोजणीत वापरलं जातं. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत नाट्यगृह जळालं, तेव्हापासून या विषयावर शहरात चर्चा आहे. तिथे दोन्ही गोष्टी लागतील: आतला आवाज घडवणं आणि छतावरचा पाऊस, बाहेरची वाहनं अडवणं.

नवीन अपार्टमेंट बांधतोय. चाचणी कधी करून घ्यावी?

पहिला नमुना फ्लॅट पूर्ण झाला की लगेच, पुढच्या मजल्यांचा गिलावा सुरू व्हायच्या आत. एकावर एक आणि शेजारी-शेजारी अशा दोन जोड्या निवडा. दारं-खिडक्या बसलेल्या असाव्यात, फर्निचर नसलं तरी चालतं. त्या दिवशी साइटवरचं कटिंग, ब्रेकर आणि मिक्सर बंद ठेवा. बाहेरचा आवाज मोजल्या जाणाऱ्या आवाजापेक्षा १० डेसिबलने तरी कमी हवा, ६ पेक्षा कमी फरक राहिला तर तो आकडा धरता येत नाही. आर्किटेक्ट, साइट इंजिनीअर आणि मुख्य गवंडी, तिघांनाही मोजणीच्या वेळी त्या खोलीत उभं करा. भिंतीच्या माथ्यावरची फट राहिली असेल तर गवंड्याला ती तिथेच कानाने कळते, आणि वरच्या मजल्यांवर तो ती ठेवत नाही.